तिच्या आईला विचारा

भिंगरी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणत. चार वर्षांच्या त्या पोरीला आंघोळ घालायची म्हणजे आईची अर्धी सकाळ जाई. एका हाताने धरावे तर ती दुसऱ्या हातातून निसटे. त्या दिवशी डोळ्यांत साबण गेला, तिने भोकाड पसरले, आणि पाणी ओतता ओतता आईचा हात थांबला. उजव्या जांघेच्या घडीवर, कातडीखाली, द्राक्षाएवढा फुगवटा वर आला होता. पोर रडायची थांबली तसा तो आत गेला आणि तिथे काही होते याची खूणही उरली नाही.

टॉवेलात गुंडाळलेल्या लेकीला तिने तसेच उचलून बाहेर नेले. सासूबाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या.

"आई, जरा बघता का? हिच्या जांघेत काहीतरी वर येतंय. रडली की दिसतं."

सासूबाईंनी बघितले. पोर आता खिदळत होती. जांघ सपाट होती.

"काही नाहीये. वाढत्या अंगाची पोर आहे, वळी पडली असेल. तुला ना, सुखाचा जीव दुःखात घालायची खोडच आहे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि हे बाहेर कुठं बोलत बसू नकोस. मुलगी आहे. चार तोंडांनी चार गोष्टी होतील."

"बरं," आई म्हणाली.

त्या घरात तिच्या तोंडी सगळ्यांत जास्त येणारा शब्द हाच होता. तसे घर वाईट नव्हते. कुणी कुणावर हात उगारत नसे, जेवायला तिला मागे ठेवत नसत, आजारी पडली तर औषध आणून देत. शेजारीपाजारी तर या घराचे नाव कौतुकाने घेत, की सून आली तेव्हापासून एकदाही आवाज वर गेलेला ऐकला नाही. आवाज वर जात नसे, कारण बोलणारे तोंड एकच होते. थोरल्यांनी सांगायचे आणि सुनेने 'बरं' म्हणायचे, ही रीत सासूबाईंना त्यांच्या सासूकडून मिळाली होती, आणि ती चुकीची असेल असे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते.

गंमत अशी, की हीच बाई दुपारच्या वेळात एका चष्म्याच्या दुकानात काम करी आणि तिथे भल्याभल्यांना ऐकत नसे. "हा नंबर बरोबर नाही, काका. डोळे पुन्हा तपासून या, मग काचा बसवते," असे ठणकावून सांगे. गिऱ्हाईक कुरकुरे, पण परत येई. संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना ती आपला आवाजही जणू त्यांच्याबरोबरच दाराशी काढून ठेवी.

भिंगरीचा बाबा छापखान्यात यंत्रावर होता. दिवसभर डोक्यात यंत्राची घरघर असे, म्हणून घरात त्याला शांतता हवी असे. ही शांतता कुणाच्या गप्प बसण्यावर उभी आहे, ते त्याने कधी पाहिले नव्हते. बायकोने फुगवट्याचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आईनं बघितलंय ना? मग झालं."

पुढे पावसाळा सरला, भिंगरीला खोकला झाला आणि एका रविवारी बाबाच्या मांडीवर खोकता खोकता तिच्या जांघेत तो फुगवटा टरारून वर आला. बाबा ताडकन उठला. आई इतके दिवस सांगत होती तोपर्यंत तिचा भ्रम असलेला तो फुगवटा त्या क्षणी खरा झाला.

"हर्निया आहे," सर्जन म्हणाले. "पोटाच्या आवरणाला तिथं एक वाट उघडी राहिलीय. त्यातून आतडं डोकावतं. मुलींमध्ये कमी दिसतो, पण दिसतो. छोटंसं ऑपरेशन. संध्याकाळी घरी."

छोटंसं. आईने तो शब्द मनात घट्ट धरला. सर्जन बाबाकडे बघून बोलत होते. कधीपासून दिसतोय, हे त्यांनी बाबाला विचारले. बाबाने सांगितले, "झाला असेल एक आठवडा." आईचे ओठ हलले आणि मिटले.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र शेजारच्या खोलीत भिंगरीला आईच्या मांडीवर बसवून तपासले. बाबा तेव्हा बाहेर फोनवर होता आणि आजी बाकावर. डॉक्टरीणबाई बोलायला सावकाश होत्या.

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हिच्या पोटात काही जाता कामा नये. दूध नाही, बिस्किट नाही. पाणी किती नि कधी, ते मी सांगेन. का सांगते, ऐका. भूल दिली की शरीर सैल पडतं. पोट भरलेलं असलं तर पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं. जागं माणूस खोकून ते बाहेर टाकेल. झोपलेलं पोर नाही टाकू शकत. जीवावर बेतू शकतं. कळलं?"

"कळलं," आई म्हणाली. तिला इतके कळले, की त्या दिवसापासून तिला नीट झोप लागेना. डोळा लागला की दिसे, भिंगरी उताणी पडली आहे, छाती हलत नाही, आणि आपण दाराच्या काचेबाहेर उभ्या आहोत.

घरी तिने सासूबाईंना सांगितले, "आई, त्या दिवशी सकाळी हिला काही द्यायचं नाही म्हणालेत."

"उपाशी ठेवायचं? एवढ्याशा जिवाला?"

"हो. कारण भूल दिल्यावर—"

"मला नको शिकवूस. चार पोरं वाढवलीत मी."

"बरं," आई म्हणाली. कारण सांगायचे राहून गेले. या घरात थोरल्यांना एखादी गोष्ट का करायची नाही ते सांगणे म्हणजे त्यांना शिकवणे होते, आणि शिकवणे हा अपराध होता.

ऑपरेशनच्या सकाळी भिंगरी नेहमीसारखी उठली आणि नेहमीसारखे दूध मागू लागली. नाही म्हटल्यावर तिने जमिनीवर लोळण घेतली. "दुदू! मला दुदू!" तिच्या रडण्याने जांघेतला फुगवटा वर आला. आईने तिला कडेवर घेऊन खिडकीतून कावळे दाखवले, गाणे म्हटले, शेवटी कपडे बदलायचे होते म्हणून आजीजवळ दिले. "फक्त खेळवा हं तिला," ती म्हणाली आणि आत गेली.

आजीच्या मांडीवर ती पोर पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी तडफडत होती. आजीला ते बघवेना. ज्या गोष्टीबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती, ती गोष्ट तिच्या समोर उभी राहिली. तिचे पहिले मूल, भिंगरीच्या बाबाच्याही आधीचे, तापाने फणफणले होते. तापात पाणी द्यायचे नाही, ताप अंगात मुरतो, असे तिच्या सासूचे म्हणणे. मूल पाणी पाणी करत होते. वीस वर्षांची ती पोरसवदा आई भांडे हातात घेऊन दारात उभी राहिली होती, कुणीतरी 'दे' म्हणेल म्हणून वाट बघत. कुणी म्हटले नाही, आणि तिने विचारले नाही. संध्याकाळी मूल पाणी मागायचे थांबले.

आजी उठली. कपात दूध घेतले, त्यात दोन बिस्किटे चुरली आणि कोपऱ्यात बसून भिंगरीला भराभर पाजले. तोंड पुसून म्हणाली, "आईला सांगायचं नाही. आजीचं नि तुझं गुपित." भिंगरीने ओठांवर बोट ठेवले. तिला गुपिते फार आवडत.

आई बाहेर आली तेव्हा पोर शांत होती. इतकी शांत, की आईला आधी बरे वाटले.

भाड्याच्या गाडीत बाबा पुढे बसला, मागे आजी आणि आई, मध्ये भिंगरी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा भिंगरीने आईच्या गळ्यात हात टाकून ढेकर दिली. दुधाचा, बिस्किटाचा गोड वास आला.

तिने लेकीच्या कानाशी तोंड नेले. "दूध प्यालीस?"

भिंगरीने ओठांवर बोट ठेवले आणि आजीकडे बघून डोळे मिचकावले.

आजी खिडकीबाहेर बघत होती.

'आत्ता सांगावं,' आईला वाटले. 'अहो, गाडी वळवा.' एवढेच शब्द. पण सासूबाईंनी काय दिले असेल ते त्यांच्या तोंडावर म्हणायचे? ड्रायव्हरसमोर? आणि दिसले तर नव्हते काहीच. कालच्या दुधाचा वास असेल तर? त्या म्हणतील, माझ्यावर आळ घेतेस. हे म्हणतील, तुला ऑपरेशनच नकोय, पहिल्या दिवसापासून घाबरली आहेस. दवाखान्यात विचारतील तेव्हा सांगू, असे तिने ठरवले. कुणीतरी विचारेलच.

विचारले. पण तिला नाही.

"सकाळपासून काही खाल्लंय का बाळानं?" सिस्टरने बाबाला विचारले.

"नाही," बाबा म्हणाला. त्याला तसेच वाटत होते.

"पाण्याचा थेंब नाही," आजी म्हणाली, आणि सुनेच्या नजरेला नजर भिडताच तिने मान वळवली.

आता आईला खात्री पटली. आणि खात्री पटल्यावर तर जीभ आणखीच जड झाली. सिस्टरने भिंगरीला मागून बंद बांधलेला सैल झगा घातला. भिंगरी त्या झग्यात गिरक्या घेऊ लागली. ती पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. बोलावे तर घर उलटे होईल, न बोलावे तर... पुढचा विचार तिला पुरा करता येईना. डॉक्टरीणबाईंचे ते वाक्य तेवढे डोक्यात फिरत होते. झोपलेलं पोर नाही टाकू शकत.

हाक आली. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत एकानेच यायचे होते. आई लेकीला घेऊन निघाली, मागून बाबा आणि आजी जमेल तिथपर्यंत आली. दारात हिरव्या कपड्यांतल्या सिस्टरने हात पुढे केले. "या बरं, सोनुली."

भिंगरी तिच्याकडे झेपावली. आईने हात सोडले नाहीत.

"अहो बाई, द्या ना."

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की तिलाच जेमतेम ऐकू आला. मग ती ओरडली, "थांबा! ही दूध प्यालीय."

पॅसेजमधली माणसे वळली. बाबा धावत पुढे आला. "काय बोलतेस? कुणी दिलं?"

आईची नजर कुठे गेली, ते सगळ्यांनी पाहिले.

"मी?" आजी पुढे आली. "मी दिलं? एवढ्या लोकांत मला खोटी ठरवतेस? तू पाहिलंस का देताना?"

"नाही पाहिलं, आई."

"मग?"

आतून सर्जन बाहेर आले. हातमोजे घालायचे बाकी होते. "काय चाललंय? पुढची केस थांबलीय."

"काही नाही, डॉक्टर, घाबरलीय ती," बाबा घाईने म्हणाला. मग बायकोचे कोपर धरून दबक्या आवाजात, "तमाशा लावू नकोस. दे पोरीला. आई एवढं म्हणतेय ना नाही म्हणून?"

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मागून आल्या. त्यांनी खाली वाकून भिंगरीला विचारले, "काय खाल्लंस गं सकाळी?"

"काहीच नाही," भिंगरी म्हणाली आणि गुपित राखल्याच्या आनंदात आजीकडे बघून हसली.

तिघांचे म्हणणे एक आणि आईचे एक. तिच्यापाशी पुरावा नव्हता. पण तिचे हात लेकीभोवती असे आवळले गेले होते, की भिंगरी "आई, दुखतंय" म्हणाली.

"मी पाहिलं नाही," आई म्हणाली. "पण हिच्या तोंडाला वास येतोय. गाडीत मला आला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले. मला काय म्हणायचं ते म्हणा. मी आज पोरीला आत देणार नाही."

डॉक्टरीणबाई सर्जनना म्हणाल्या, "आज मी हिला भूल देत नाही."

"अहो, पण घरचे सगळे तर..."

"आई नाही म्हणतेय ना? मला तेवढं पुरे."

आईला रडू फुटले ते तेव्हा. लग्न झाल्यापासून तिचा शब्द कुणी पुरेसा मानला, त्याची ही पहिली वेळ होती.

पण यात जिंकल्यासारखे काही नव्हते. सर्जनना लगेचची वेळ नव्हती, काही आठवडे थांबावे लागणार होते. जाताना त्यांनी बजावले, "तोवर डोळ्यात तेल घालून बघा. फुगवटा वरच राहिला तर कमरेखाली उशी घाला, गुडघे दुमडून पाय वर धरा, पोरीला शांत करा. तरी आत गेला नाही, कडक झाला, पोर ओकायला लागली, तर तारखेची वाट बघायची नाही. तसंच उचलून आणायचं. आतडं अडकलं तर हातात वेळ नसतो."

घरी आल्यावर बाबा म्हणाला, "या मधल्या दिवसांत हिला काही झालं, तर लक्षात ठेव, तुझ्यामुळं झालं." आजीने तिच्याशी बोलणे टाकले. ताट पुढे येई, निरोप भिंगरीच्या तोंडून येत. "आजी म्हणते, मीठ संपलंय." शेजारीण येऊन सांत्वन आजीचे करून गेली.

आई मुकाट्याने सगळे सोसत होती, कारण तिला यापेक्षा मोठी भीती लागली होती. भिंगरी रडली, की ती हातातले टाकून धावे. पोरीला हसताना ठसका लागला तरी हिचा जीव वरखाली होई. दुकानात काचा घासताना मध्येच उठून घरी फोन करी आणि पलीकडून भिंगरीची बडबड ऐकू आली, की न बोलता ठेवून देई. 'नवरा म्हणतो ते खरं ठरलं तर?' हा विचार तिला पोखरत होता. त्या दिवशी गप्प बसले असते तर कदाचित सगळे सुरळीत पार पडले असते, पोर आतापर्यंत बरी होऊन नाचत असती. कदाचित. भूल द्यायच्या खोलीत काय झाले असते ते कुणालाच कधी कळणार नव्हते.

आणि एके दिवशी दुपारी ते झाले. भिंगरी पलंगावरून उडी मारताना पडली, रडून रडून लाल झाली, आणि फुगवटा वर आला तो जाईना. आईने हात लावला. टणक लागला. पोरीने किंकाळी फोडली.

घरात आजी आणि ती दोघीच होत्या. सर्जननी सांगितलेले तिला आठवले. "आई!" ती ओरडली. "इकडं या. उशी आणा. हिच्या कमरेखाली घाला. पाय वर धरा. असे नाही, गुडघे दुमडून. धरा घट्ट!"

सासूला हुकूम सोडते आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हते. आजीच्याही नव्हते. ती धडपडत आली, उशी सारली, गुडघे टेकून नातीचे पाय धरले. आई एक हात फुगवट्यावर ठेवून दुसरा लेकीच्या कपाळावरून फिरवत, रडू आवरत, तिला गोष्ट सांगू लागली. कसली गोष्ट, तिलाच कळत नव्हते. भिंगरीचे हुंदके हळूहळू लांबले. फुगवटा तसाच होता. "यांना फोन करते, गाडी बोलावते," असे म्हणत आई उठणार, तोच तिच्या बोटांखाली तो मऊ पडला आणि पाण्याचा बुडबुडा विरावा तसा आत गेला.

दोघी जमिनीवरच बसल्या. भिंगरी थकून झोपली. आजीचे हात अजून तिच्या पायांवर होते.

"त्या दिवशी ती दूध प्याली असती नि तू आत दिलं असतंस," आजी भिंतीकडे बघत म्हणाली, "तर काय झालं असतं?"

आईने सांगितले. पोट, श्वासाची नळी, खोकता न येणारे झोपलेले पोर. कुणी मध्ये तोडले नाही. ते सगळे सांगायला तिला पहिल्यांदाच वेळ मिळाला होता.

आजीने नातीचा फ्रॉक सारखा केला आणि ती म्हणाली, "या वेळी सकाळी तिला माझ्याजवळ देऊ नकोस."

यापलीकडे तिने काही कबूल केले नाही, आणि आईने काही विचारले नाही.

त्या संध्याकाळी बाबा घरी आला तेव्हा दार आजीने उघडले. ती त्याच्याशी स्वयंपाकघरात काय बोलली ते आईला ऐकू आले नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. झोपलेल्या भिंगरीजवळ तो बसून राहिला, जेवायला उठला नाही. त्याने बायकोची माफी मागितली नाही. तसे करायची त्या घरात सवय नव्हती. पण दुसऱ्या खेपेला दवाखान्यात सिस्टरने त्याला विचारले, "सकाळपासून काही खाल्लं का बाळानं?" तेव्हा तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तिच्या आईला विचारा."

"नाही दिलं काही," आई म्हणाली. "उठल्यापासून माझ्याच कडेवर आहे."

या वेळी दारात तिने हात सोडले. भिंगरी सिस्टरच्या खांद्यावरून टाटा करत आत गेली, दार मिटले, आणि आईला वाटले आपण चूक केली. परत मागावी. दार ठोकावे. सगळे नीट केले, तरी भीती काही कमी झाली नव्हती. आतून चाकांचा आवाज आला, कुणीतरी हसले, भांडे पडल्यासारखे झाले. प्रत्येक आवाजाला ती उठून उभी राही. बाबा जमिनीकडे बघत होता. आजी ओठ हलवत होती. दार उघडे, कुणीतरी भलतेच बाहेर येई, आणि तिघांचेही चेहरे तसेच पडत.

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्या सरळ आईकडे आल्या. "छान झालं. जागी होतेय. चिडलीय फार, पण ते चांगलं लक्षण आहे."

आई दाराकडे धावली. बाबाने तिला धरले.

वॉर्डात भिंगरी अर्धवट गुंगीत रडत होती, चिडत होती, हाताची सुई ओढत होती. आईला त्या रडण्याइतके गोड काही कधी ऐकल्याचे आठवेना. दुपारपर्यंत पोर निवांत झोपली.

शेजारच्या खाटेवर एक लहान मुलगा आणला होता. पायाला मोठे गळू झाले होते, ते फोडायचे होते. खाटेपाशी त्याची पोरसवदा आई उभी होती आणि स्टुलावर तिची नणंद, चांगली थोराड, बसली होती. सिस्टर येऊन विचारू लागली. मुलाचे वजन, ताप, आधीचे आजार. सगळी उत्तरे नणंदेने दिली.

"कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का कधी?"

"नाही, नाही. दणकट आहे पोरगा."

मुलाच्या आईचे ओठ हलले. मग तिने खाली बघितले आणि चादरीची सुरकुती साफ करू लागली. सिस्टर पुढे गेली. नणंद फोन आला म्हणून दाराशी गेली.

भिंगरीच्या आईला त्या ओठांची हालचाल फार ओळखीची होती. ती उठली.

"आई, हिच्याजवळ बसता?" ती सासूबाईंना म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली.

ती शेजारच्या खाटेपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "तुला काही सांगायचं होतं का आत्ता?"

त्या मुलीने दचकून दाराकडे पाहिले. "नाही. काही नाही."

"मला नको सांगूस. सिस्टरला सांग. मी येते तुझ्याबरोबर."

"घरात म्हणतात, ते तसलं काही नव्हतंच. मलाच वाटलं म्हणून." तिचे डोळे भरून आले. "मागं एका इंजेक्शननं याचं तोंड सुजलं होतं. श्वास लागला होता. पण मी एकटीच होते तेव्हा. कुणी पाहिलं नाही."

"तू पाहिलंस ना?"

त्या मुलीने मान हलवली.

"चल," भिंगरीची आई म्हणाली.

दोघी वॉर्डाच्या टोकाला टेबलापाशी गेल्या. दारातली नणंद फोनवर बोलता बोलता वळली आणि काय चालले आहे ते बघत उभी राहिली. सिस्टरने मान वर केली. मुलीने भिंगरीच्या आईचा हात घट्ट धरला होता, नखे रुतत होती. ती काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," सिस्टर म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

मुलीने श्वास घेतला, दाराकडे पाठ केली, आणि मोठ्याने सांगितले.